शेवटाकडून मोजायचा महिना

शाल्मलीचं पत्र येऊन तीन आठवडे होत आले होते आणि यज्ञेश खांबेट्यानं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही. रोज सुचत होतं. सकाळी एक सुचायचं आणि संध्याकाळी त्याच्या बरोबर उलटं. पत्र टेबलाच्या खणात होतं. ते बाहेर काढायची गरज उरली नव्हती, कारण मजकूर थोडा होता आणि तो त्याला तोंडपाठ झाला होता.

‘यज्ञेश, माझ्या मण्याची नोंद तुला पाहायची असेल तर तसं कळव. मी किल्ली पाठवीन. नोंद पाहिलीस की तुझी खात्री पटेल, पण मग मी परत येणार नाही. न पाहता मला बोलवायचं असेल तर तेही कळव. काय ते कागदावर कळव. फोनवर तू बोलत नाहीस, नुसता श्वास घेतोस. – शाल्मली.’

ती चिपळूणला थोरल्या बहिणीकडे होती. तिला दिवस गेले होते. दोन वर्षं नवराबायकोनं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, आणि ते कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती घरातून निघून गेली होती. निघून जाण्याचं कारण यज्ञेशचं एक वाक्य होतं. तसा तो फार बोलणाऱ्यांतला नव्हता. पण गप्प राहणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेलं एकच वाक्य कधी कधी दहा भांडणांना भारी पडतं.

वाईला खांबेट्यांचं पंचांग चार पिढ्या निघत होतं. गणित आता सगळं यंत्रच करी; चंद्र-सूर्याच्या जागा अंश-कला-विकलेपर्यंत काढून देई. यज्ञेश आणि त्याचे वडील, अण्णा, फक्त पडताळा घ्यायचे. त्या पडताळ्याची घराण्यातली एक रीत होती. पंचांगात तिथी कधी सुरू होते ते छापत नाहीत, कधी संपते ते छापतात. म्हणून खांबेट्यांच्या घरात कुठलंही गणित शेवटाकडून तपासायचं, समाप्तीचा क्षण धरायचा आणि मागे मागे जायचं. तिथ्या काही सारख्या लांबीच्या नसतात. एखादी ताणते, एखादी आखडते, एखादी दोन सूर्योदयांच्या मध्येच विरून जाते. यज्ञेशला हे लहानपणापासून ठाऊक होतं. लाजऱ्या, पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या त्या मुलाला माणसांपेक्षा तिथ्या बऱ्या वाटत. त्या ताणल्या तरी का ताणल्या ते सांगता येई.

शाल्मलीचं काम समुद्रावरचं. पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह मोजणारी तरंगती यंत्रं वेंगुर्ल्यासमोर सोडलेली होती. त्यांची देखभाल तिच्याकडे. वर्षातले तीन-चार महिने ती तिकडे असे. लग्न जमलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, “ही भरती मोजणार, हा तिथी मोजणार. बोलणार कोण?”

मूल होईना तेव्हा दोघं साताऱ्याला डॉ. नफिसा मुजावर यांच्याकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी शाल्मलीच्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा ऋतुमणी बसवला. तोवर मणी नवलाईचा राहिला नव्हता. बाईच्या शरीरातली संप्रेरकं घडोघडी किती चढली, किती उतरली ते तो कातडीखालच्या द्रवातून मोजी आणि फोनवर रेघ काढून दाखवी. त्याचा फायदा झाला तसा उपद्रवही झाला. विमा कंपन्या मणी घालणाऱ्यांना सवलत देऊ लागल्या. सासवा सुनांना जेवताना विचारू लागल्या, आज रेघ कुठं आहे म्हणून. मग कायदा आला: नोंद बाईच्या मालकीची, किल्ली तिच्या हातात. ती देईल त्यानंच पाहायची. त्यावर नवऱ्यांनी कोर्टात नोंद-मागणीचे अर्ज करायला सुरुवात केली.

शाल्मलीनं किल्ली आपणहून दिली होती. “बघ बाबा,” ती म्हणाली होती, “तुझ्या पंचांगात एक पान वाढलं.”

डॉक्टरांनी त्या दिवशी चित्र काढून सगळं समजावलं होतं. पण गणिती माणूस ऐकताना आकडा सापडला की तिथंच बसतो, पुढचं त्याला ऐकू येत नाही. अठ्ठावीस दिवसांचा महिना असेल तर चौदाव्याच्या आसपास बीजकोशातून बीज सुटतं, एवढं यज्ञेशनं धरलं. ‘असेल तर’ त्याच्या कानाच्या बाहेरच राहिलं. त्याला ते पटलंही चटकन. चांद्रमासाच्या मधोमध पौर्णिमा, तशी ही देहातली पौर्णिमा.

मग तो रोज रेघ पाहू लागला. दात घासायच्या आधी. शाल्मली केस पुसत विचारायची, “काय म्हणते आज?”

“चढतेय. पण हळू.”

“तू एवढा टक लावून बघतोस, लाजत असेल ती.”

तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचा. चारसहा महिन्यांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती एकदा लक्षात आल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. शाल्मली घरी असली की तिचा महिना लांबत होता. पाच आठवडे, कधी सहा. वेंगुर्ल्याला असली की घड्याळ लावल्यासारखा चार आठवड्यांत यायचा. घरी बीज सुटायला उशीर, तिकडे वेळेवर. वाईत त्याच्या शेजारी झोपताना तिच्या देहाला जे जमत नव्हतं, ते खाऱ्या वाऱ्यात, कुणाकुणाच्या सोबतीत, सहज जमत होतं.

वेंगुर्ल्याचा त्याला हेवा वाटू लागला. गावाचा हेवा वाटतो हे कुणाला सांगायची सोय नाही. मग त्या हेव्याला चेहरा सापडला. शाल्मलीनं पाठवलेल्या एका फोटोत बोटीच्या कठड्याशी ती उभी होती आणि तिच्या बाजूला काळाभोर, दाट मिशांचा एक माणूस तोंडभर हसत होता. खाली लिहिलं होतं, ‘मी आणि आमचे तोरसकर.’ ‘आमचे’ हा शब्द यज्ञेशनं किती वेळा वाचला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

एक दिवस फोनवर रेघ दिसेना.

“यज्ञेश, मी दार लावलंय,” शाल्मली म्हणाली.

“कुठलं?”

“मण्याचं. चिडू नकोस. सकाळी डोळे उघडलेस की तू माझ्या दंडाकडे बघतोस. कधीतरी तोंडाकडेही बघ की.”

तो चिडला नाही. चिडणं त्याला जमतच नसे. फक्त त्या दिवसापासून एक कुलूप लागलं, आणि कुलपाआड काहीतरी आहे असं त्याला वाटू लागलं.

त्याच महिन्यात, पाळी येऊन आठवडा उलटल्यावर, शाल्मली दहा दिवसांसाठी वेंगुर्ल्याला गेली. मध्ये वादळ झालं. त्यांची बोट निवतीच्या खडकाआड दोन रात्री अडकून पडली आणि फोन बंद राहिले. परत आली ती वाळलेली, डोळे खोल गेलेले. यज्ञेशनं तिच्यासाठी मऊ भात केला, वर तूप घातलं, आणि काही विचारलं नाही. त्यानंतरचे दिवस चांगले गेले. दोघं मेणवलीच्या घाटावर जाऊन बसली. शाल्मलीनं त्याला समुद्राच्या पोटात थंड पाण्याची नदी कशी वाहते ते सांगितलं. एका दुपारी अण्णा साताऱ्याला गेलेले असताना तिनं त्याच्या हातातली प्रुफं काढून बाजूला ठेवली. घरात मण्याचं नाव नव्हतं, रेघ नव्हती, चौदा नव्हते. यज्ञेशला वाटलं, दार लावलं ते बरंच झालं.

आणि मग ती सकाळ आली. शाल्मली स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. “प्रोजेस्टेरॉन खालीच येत नाहीये,” ती म्हणाली. “म्हटलं मण्याचं काहीतरी बिघडलं. म्हणून आज साधी पट्टी आणून बघितली. दोन रेघा.” तिनं त्याचा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला.

यज्ञेशला आनंदच झाला. पण आनंद होता होता डोक्यातलं यंत्र आपोआप चालू झालं. पाळीचा पहिला दिवस धरला, पुढं मोजत गेला, चौदावर थांबला; वेंगुर्ल्याला तर बीज वेळेवरच सुटायचं. चौदाव्या दिवशी समुद्रात वादळ होतं.

“चौदाव्या दिवशी तू बोटीत होतीस,” तो म्हणाला.

तिचा हात त्याच्या हातावर होता. तो तिनं हळूच काढून घेतला.

“काय म्हणालास?”

“काही नाही. नुसतं मोजत होतो.”

“मग मोज की. मोठ्यानं मोज, अण्णांनाही ऐकू दे. कमाल आहे तुम्हा लोकांची. आकाशात अधिक महिना आला की जावयाला अनारसे वाढता. बायकोचा महिना इकडेतिकडे झाला की तिची चौकशी.”

दुसऱ्या दिवशी ती चिपळूणला गेली. आठवड्यानं पत्र आलं.

तीन आठवडे यज्ञेशनं कामात डोकं घातलं, पण कामातही तेच. वाटायचं, लिहावं ‘किल्ली पाठव’ आणि एकदाचं पाहावं. मग वाटायचं, पाहिलं आणि तारीख बोटीवरची निघाली तर? मग वाटायचं, आपलीच निघाली तर? तेव्हा तर ती जाणारच. खरं ठरूनही घर रिकामं आणि खोटं ठरूनही रिकामं. हे गणित कुठूनही सोडवलं तरी बाकी तीच उरत होती.

अशा एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला.

“पंचांगवाले खांबेटे हेच ना? मी तोरसकर. वेंगुर्ल्याहून. मॅडमचा रेनकोट बोटीत राहिला होता. पुण्याला चाललो होतो, म्हटलं देऊन जाऊ.”

फोटोत दिसला होता त्यापेक्षा तो बराच बुटका होता. यज्ञेशला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची शरमही वाटली. त्यानं पाहुण्याला बसवलं, चहा केला. चहात साखर घालायला विसरला. तोरसकरांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पिऊन टाकला.

“मॅडम घरात नाहीत?”

“बहिणीकडे गेलीय.”

“तब्येत बरी आहे ना? नाही, त्या वादळात फार हाल झाले हो त्यांचे. मी तीस वर्षं बोटीवर आहे, मी ओकलो, मग बघा. त्यांना तर अंगात ताप. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, मॅडम, जरा आडव्या व्हा, तर म्हणतात यंत्र बंद पडलं तर तुम्ही बघणार का.”

“तुम्ही… जवळच होतात?”

“बोटीत लांब जायचं म्हटलं तर कुठं जाणार? आठ माणसं आणि एक केबिन. कोणाचे पाय कोणाच्या तोंडाशी काय पत्ता नाही. माझ्या उशाला डिझेलचा डबा होता. अजून बायको म्हणते, तुमच्या डोक्याला वास येतो.” तोरसकर हसले. फोटोतलं हसू परवडलं असतं. हे प्रत्यक्षातलं फार मोकळं होतं.

यज्ञेशही हसल्यासारखं करत होता. पण मनात तो ताप आणि जागरण उचलून एका बाजूला ठेवत होता, वजनं ठेवतात तशी. डॉक्टरांनी तेव्हा तापाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, जागरणाबद्दलही. ते काय होतं? मग त्याच्या ध्यानात आलं की आपली बायको दोन रात्री तापानं फणफणत होती, आणि आज दीड-दोन महिन्यांनी ते कळल्यावर आपण त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो का ते बघतोय.

निघताना तोरसकर उंबऱ्याशी थांबले. “एक सांगू? मॅडम गातात तिकडे. यंत्राला शिंपले चिकटतात ना, ते खरवडताना. आवाज भसाडा आहे, पण गातात. आमची पोरं म्हणतात, मॅडम आल्या, मासे पळाले.”

“शाल्मली गाते?”

“म्हणजे काय, घरी नाही गात?”

लग्नाला सात वर्षं झाली होती. यज्ञेशनं तिला गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. रेनकोट हातात घेऊन तो बराच वेळ दारात उभा राहिला. त्या आठ माणसांच्या केबिनबद्दल त्याच्या मनात जे काय होतं ते बरंच विरलं होतं, आणि तरी जळजळ काही कमी झाली नव्हती. ती दुसरीकडे सरकली होती, एवढंच. पाच-सहा परक्या पोरांनी तिचं गाणं ऐकलं होतं, आणि त्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याला गेला.

डॉ. मुजावरांनी त्याला पाहताच चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही काय विचारायला आलात ते मला कळलंय. ते मी सांगणार नाही. कुठल्याही नवऱ्याला जेवढं सांगते तेवढंच सांगीन. चालेल?”

“चालेल.”

“असे आठवड्याला दोघंतिघं येतात. एक तर तक्ते छापून घेऊन आला होता. त्याच्या बायकोनं शेवटी नोंद दाखवली. तारीख त्याचीच निघाली. आता तो मला विचारायला येतो, डॉक्टर, मग ती माहेरी का गेली?”

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला आणि एक आडवी रेघ काढली.

“महिन्याचे दोन भाग असतात, आणि ते सारख्या स्वभावाचे नाहीत. पाळी आली की मेंदू बीजकोशाला निरोप धाडतो, एखादं बीज पिकव. बीजाभोवतीची पिशवी वाढायला लागते आणि इस्ट्रोजेन तयार करते. ते इस्ट्रोजेन पुरेसं चढलं आणि दीडदोन दिवस तसंच टिकलं की मेंदूला कळतं, पिकलं. मग तो एलएच नावाच्या संप्रेरकाची एकच मोठी लाट सोडतो आणि बीज सुटतं. आता हे पिकायला किती दिवस लागतील ते कोणी ठरवून दिलेलं नाही. ताप आला, जागरणं झाली, जिवाला घोर लागला, की मेंदूचे निरोप मंदावतात. एखादं बीज पिकता पिकता थांबतं, मग दुसरं सुरू होतं. दोन आठवडे लागतील, तीन लागतील, चारही लागतील.”

“आणि दुसरा भाग?”

“बीज सुटल्यावर ती रिकामी पिशवी पिवळी पडते आणि प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते. तिचं आयुष्य जवळजवळ ठरलेलं. साधारण दोन आठवडे. ती विझली की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. म्हणजे महिना लांबला तर तो बहुतेक पहिल्या भागात लांबलेला असतो. दुसरा भाग फारसा हलत नाही. म्हणून बीज कधी सुटलं ते काढायचं असेल तर मागच्या पाळीपासून पुढे मोजून उपयोग नाही. पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं.”

“शेवटाकडून,” यज्ञेश म्हणाला.

“हो. शेवटाकडून.”

तो त्या रेघेकडे बघत बसला. आयुष्यभर त्यानं दुसरं काय केलं होतं? परक्या आकाशातली एकेक तिथी त्यानं शेवटाकडून तपासली होती, आणि स्वतःच्या घरातला महिना तेवढा, एखाद्या नवशिक्यासारखा, सुरुवातीकडून मोजला होता.

“पण डॉक्टर,” त्यानं विचारलं, “दिवस गेले तर पुढची पाळी येतच नाही.”

“नाही येत. गर्भ राहिला की ती पिशवी विझत नाही.”

“मग मोजायचं कुठून?”

“मोजायला शेवट नाही. सोनोग्राफीवरून अंदाज येतो, चारपाच दिवस मागेपुढे. नेमकं मण्यालाच ठाऊक.” आणि त्याचं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “सोनोग्राफी झाली का, तेही मी सांगणार नाही.”

तो उठला. दाराशी जाऊन परत वळला. “तिचे महिने घरी लांबायचे. वेंगुर्ल्याला नाही लांबायचे. कोणीतरी सारखं बघतंय, म्हणून होतं का असं?”

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “कोणी बघतंय म्हणून बीज थांबतं, असं मी लिहून देणार नाही. पण बघणाऱ्याशेजारी झोप लागत नाही, हे मला माहीत आहे. झोप नसली की काय होतं ते आत्ताच सांगितलं.”

एस.टी.त बसून परत येताना यज्ञेशच्या डोक्यात त्या पाचपाच, सहासहा आठवड्यांच्या महिन्यांची रांग उभी राहिली. ते सगळे महिने त्यानं वेंगुर्ल्याच्या नावावर टाकले होते. आज पहिल्यांदा वाटलं, ते आपल्या नावावर असतील. असतील, खात्री कशाचीच नव्हती. बीज वादळात सुटलेलं असू शकत होतं, ताप-जागरणानं पुढं ढकललं जाऊन वाईतही सुटलेलं असू शकत होतं. शास्त्रानं त्याला दोन्ही दारं उघडी ठेवून दिली होती आणि स्वतः बाजूला झालं होतं. ‘नाही’ ऐकायला तो घाबरत होता. पण ‘असू शकेल’ हे त्याहून जड निघालं.

दुसऱ्या दिवशी अण्णा समोर बसून पुढच्या वर्षाची प्रुफं पाहत होते. मान वर न करता म्हणाले, “सूनबाई कधी यायची?”

“ठाऊक नाही.”

“विचारलंस?”

“तिनंच विचारलंय. पत्रानं.”

“मग उत्तर दे की. मला रोज तुझ्या हातचे पोहे खाऊन तुरुंगात असल्यासारखं वाटतं.”

“काय लिहावं ते ठरत नाही, अण्णा. चुकीचं लिहिलं गेलं तर?”

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. “यज्ञा, चार पिढ्या आपण चुकीला भीत आलो. म्हणून एखाद्या वर्षी पंचांग काढलंच नाही, असं झालंय का? छापायचं. चूक निघाली तर मागून शुद्धिपत्र जोडायचं. आमच्या आजोबांच्या वेळचं एक शुद्धिपत्र तर मूळ पानापेक्षा मोठं होतं.” आणि पेन्सिल उचलून ते परत चतुर्थीत शिरले.

यज्ञेश आपल्या टेबलाशी गेला आणि कागद घेतला. पहिल्यांदा लिहिलं, ‘माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.’ वाचलं आणि फाडलं, कारण ते खरं नव्हतं, आणि शाल्मलीला ते पहिल्या ओळीतच कळलं असतं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, ‘किल्ली पाठव.’ दोनच शब्द. ते मात्र अगदी खरे होते. तो कागद त्यानं फाडला नाही. समोर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिला.

किल्ली आली असती तर काय दिसलं असतं? एक लाट दिसली असती, तिच्याखाली एक तारीख. तारीख वाईची निघाली असती तर त्या एका महिन्यापुरता जीव थंडावला असता. पुढं? पुढं ते गाणं होतं. ती कशावर हसली, कोणाबरोबर उपाशी राहिली, कोणत्या वाऱ्यात तिला शांत झोप लागली, हे कुठल्या मण्यात उमटणार होतं? एकेका दाराची किल्ली मागत गेलो तर हे घर नुसत्या दारांचं होईल, आत राहायला खोली उरणार नाही. आणि हेवा तर कुठल्याच दाराशी संपणार नाही. तो आपल्याबरोबर आत येईल आणि पुढचं कुलूप शोधेल.

त्यानं तो कागद घडी करून फाडला. तिसरा कागद घेतला, आणि या वेळी थांबला नाही.

‘शाल्मली, नोंद पाहायची नाही. किल्ली पाठवू नकोस. मी मोजलं ते चुकीचं मोजलं. पण बरोबर मोजलं असतं तरी ते तुला विचारायला नको होतं. तू दोन दिवस तापात होतीस, हेही मला काल-परवा तोरसकरांकडून कळलं. ते मी तेव्हा विचारायला हवं होतं. हेवा गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो माणसाचा कमी आणि वेंगुर्ल्याचा जास्त आहे. तिथे तू गातेस असं कळलं. मलाही ऐकायचं आहे. तू वाईला ये. नाहीतर मी तिकडे येतो. पडताळा कुठंही बसून घेता येतो, आणि अण्णांना माझ्या पोह्यांचा कंटाळा आला आहे. मूल आपलं आहे. हे मी मोजून लिहीत नाही. – यज्ञेश.’

पाकीट चिकटवून तो तडक पोस्टात गेला. उशीर केला तर आपण काय करू, याचा त्याला भरवसा नव्हता. खिडकीशी एक तरुण मुलगी बसली होती. तिनं पाकीट वजनावर टाकलं आणि एक चकचकीत पट्टी सोलायला घेतली.

“मागपट्टी लावते. पाकीट कुठं पोचलं, कोणी किती वाजता उघडलं, सगळं फोनवर दिसेल तुम्हाला.”

“नको.”

“काका, फुकट आहे. आता सगळेच लावतात.”

“तरी नको. साधंच जाऊ दे.”

मुलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पत्ता वाचला, बाईचं नाव वाचलं. “मग त्यांना मिळालं की नाही, तुम्हाला कळणार कसं?”

यज्ञेशनं विचार केला. तिच्या बोटांवर ती पट्टी अजून अर्धी सोललेली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती हवी होती.

“त्यांनी कळवलं तर कळेल,” तो म्हणाला.

“आणि नाही कळवलं तर?”

यज्ञेशनं तिकिटाचे सुटे पैसे खिडकीतून आत सरकवले. मुलीनं खांदे उडवले, तिकीट लावलं आणि पाकीट परत त्याच्या हातात दिलं. “साधं टपाल बाहेरच्या पेटीत. चारला काढतात.”

बाहेर उन्हात लाल पेटी तापली होती. यज्ञेशनं पाकीट फटीत सरकवलं. बोटं क्षणभर त्याच्या कडेला धरूनच होती. मग त्यानं ती सोडली.